विद्येतील गुंतवणूक कोणी करायची?

(पनवेल येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



राष्ट्र श्रीमंत कशाने होते, या प्रश्नाला पनवेलच्या परिसरात गेली पन्नास वर्षे एकच उत्तर मिळत आले आहे. ते उत्तर म्हणजे जमीन. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि बेलापूर, पनवेल, उरण या पट्ट्यातील ९५ गावांच्या शिवारावर नव्या शहराचे नकाशे उतरले. मागोमाग न्हावा-शेवाचे बंदर आले, रुंद रस्ते आले, रेल्वेचे जाळे आले. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली आणि २०२५ च्या डिसेंबरात नव्या विमानतळावरून विमाने उडू लागली. या अवधीत भाताच्या खाचराची किंमत आधी एकरावर, मग गुंठ्यावर आणि अखेर चौरस फुटावर मोजली जाऊ लागली. या साऱ्याला विकास असे नाव आहे.

परंतु जमिनीची किंमत वाढणे आणि समाजाची उत्पादनशक्ती वाढणे या भिन्न गोष्टी आहेत. भूखंडाचा भाव दसपट झाला म्हणून त्या भूखंडातून दाण्याचेही अधिक उत्पादन होत नाही. विकणाऱ्याला जे मिळते ते घेणाऱ्याच्या खिशातून जाते आणि मधला दलाल आपला वाटा काढून घेतो. संपत्तीचे हात बदलतात. संपत्ती निर्माण होत नाही. शिवाय जमीन एकदाच विकता येते. पैसा घरात आला, घर बांधले गेले, लग्ने झाली, गाडी आली आणि दुसऱ्या पिढीच्या हाती ना जमीन उरली ना पैसा, ही कहाणी या पट्ट्यातील अनेक गावांना परकी नाही.

समाजाची उत्पादनशक्ती खऱ्या अर्थाने कशाने वाढते, याचे उत्तरही पनवेलमध्येच आहे. ते इतके जवळ आहे की सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही.

खाऱ्या जमिनीतील बियाणे

पनवेलला डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र आहे. विद्यापीठाची स्थापना १९७२ ची. या केंद्राने काय केले हे समजण्यासाठी खारजमीन म्हणजे काय हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

रायगडच्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्यांनी खाडीच्या तोंडाशी मातीचे बांध घातले, भरतीचे पाणी बाहेर अडवले आणि ओहोटीच्या वेळी आतले पाणी सोडण्यासाठी उघाड्या ठेवल्या. अशा रीतीने समुद्राकडून एकेक शेत मिळवले गेले. या जमिनीत वर्षातून एकदाच, पावसाळ्यात, भात पिकते. पावसाच्या पाण्याने वरच्या थरातील मीठ विरघळून खाली जाते वा वाहून जाते. पाऊस संपला, ऊन तापू लागले की खालचे खारे पाणी मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांतून वर चढते आणि उन्हाळ्यात शेताच्या पृष्ठभागावर मिठाची पांढरी खपली धरते. पावसाने मध्येच ओढ दिली अथवा बांधाला खांड पडून भरतीचे पाणी आत शिरले तर कोवळी रोपे करपून जातात. गोड्या जमिनीत चांगले उतरणारे वाण येथे टिकत नाही.

या जमिनीत शेतकऱ्याने आपल्या अनुभवाने काही वाण राखले होते. काळा रता, भुरा रता ही त्यांची नावे. मिठाला ते दाद देत नसत, पण उंच वाढत, वाऱ्यापावसात लोळत आणि उत्पन्न कमी देत. कोणत्याही पुस्तकाविना शेकडो वर्षे केलेल्या निवडीचे ते फळ होते. संशोधनाचा आरंभ या शेतकऱ्यांनी केलेला आहे, हे विसरता कामा नये. शास्त्रज्ञांनी प्रथम या वाणांतून शुद्ध निवडी काढल्या. ‘काळा रता १-२४’ आणि ‘भुरा रता ४-१०’ या नावांनी त्या ओळखल्या जातात.

त्यानंतर १९६६ साली फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ‘आयआर-८’ हे बुटके, खताला प्रतिसाद देणारे, भरघोस उत्पन्नाचे वाण प्रसृत केले. त्याचा एक पूर्वज इंडोनेशियाचा, दुसरा तैवानचा. पनवेलच्या केंद्राने या परदेशी बुटक्या भाताचा आणि रायगडच्या भुऱ्या रत्याचा संकर केला. एकाकडून उत्पन्न आणि आखूड, न लोळणारे ताट घेतले. दुसऱ्याकडून मीठ सोसण्याची शक्ती घेतली. संकराच्या पिढ्यामागून पिढ्या खाऱ्या मातीत लावून, करपलेली टाकून आणि तगलेली निवडून १९८० च्या दशकात ‘पनवेल-१’ आणि ‘पनवेल-२’ ही वाणे शेतकऱ्यांच्या हाती आली. पुढे ‘पनवेल-३’ आले. ज्या गावाचे नाव आज केवळ सदनिकांच्या जाहिरातींत दिसते, ते नाव देशाच्या भातशास्त्रात खाऱ्या जमिनीतील वाणांच्या यादीत नोंदले गेलेले आहे.

या घटनेचा अर्थशास्त्रीय अर्थ काय? शेताचे क्षेत्र तेच राहिले. पाऊस तोच, बांध तोच, राबणारे हात तेच. तरीही उत्पादन वाढू शकले. कोठून आली ही वाढ? ती ज्ञानातून आली. जमीन, श्रम आणि भांडवल या तिन्हींत भर न घालता उत्पन्नात भर घालणारी शक्ती ज्ञानाखेरीज दुसरी नाही.

अर्थशास्त्राने उशिरा ओळखलेले सत्य

पाश्चात्त्य अर्थशास्त्राला हे सत्य आकड्यांत पकडायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. रॉबर्ट सोलो यांनी १९५७ साली अमेरिकेच्या १९०९ ते १९४९ या चाळीस वर्षांच्या उत्पादनाचा हिशेब मांडला. श्रमाच्या दर तासामागील उत्पादन या काळात दुप्पट झाले होते. त्यांपैकी केवळ एक-अष्टमांश वाढीचे श्रेय अधिक यंत्रसामग्रीला जात होते. उरलेले सात भाग तंत्र, कौशल्य आणि ज्ञान यांतील सुधारणेचे होते. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० साली शिक्षणावरील खर्चाला उपभोग न म्हणता गुंतवणूक म्हटले पाहिजे, असा आग्रह धरला. त्यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे पॉल रोमर यांनी १९९० साली दाखवून दिले की ज्ञान हे इतर भांडवलासारखे नाही. एक नांगर एका वेळी एकाच शेतात चालतो. परंतु नांगरणीचे सुधारलेले तंत्र एकाच वेळी लाख शेतांत वापरता येते आणि वापरल्याने झिजत नाही.

महाराष्ट्राला मात्र हे सत्य त्याआधीच सांगितले गेले होते. महात्मा फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या आरंभी अविद्येपासून सुरू होऊन शूद्रातिशूद्रांच्या निर्धनतेपर्यंत पोहोचणारी अनर्थाची साखळी मांडली. सोलो यांना जे सत्य आकड्यांच्या शिल्लक रकमेत सापडले, ते फुल्यांना शेतकऱ्याच्या रिकाम्या कणगीत दिसले होते. फरक एवढाच की फुल्यांनी त्यापुढचा प्रश्नही विचारला: विद्या कोणाची, आणि तिच्यावर खर्च होणारा पैसा कोणाचा? १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्यातून होणाऱ्या शिक्षणखर्चाचा लाभ वरिष्ठ वर्ग घेतात. प्राथमिक शिक्षण सर्वांना सक्तीने मिळावे, ही त्यांची मागणी होती. नामदार गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. पुढच्याच वर्षी ते फेटाळले गेले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. देशभरातील बालकांना या शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळण्यास मात्र २००९ साल उजाडावे लागले. जवळजवळ शंभर वर्षांचा हा विलंब देशाच्या उत्पन्नाच्या कोणत्या खात्यात मांडायचा?

बाजार हे काम का करणार नाही

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. ज्ञानातून इतका लाभ होतो, तर त्यातील गुंतवणूक भांडवलदार आपण होऊन का करत नाहीत? पनवेलच्या भातातच याचे उत्तर आहे.

भाताचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे शेतकऱ्याने एकदा ‘पनवेल-१’ चे बियाणे घेतले की पुढील वर्षी आपल्याच पिकातून तो बी राखू शकतो आणि शेजाऱ्यालाही पायलीभर देऊ शकतो. समाजाच्या दृष्टीने ही केवढी मोठी सोय! परंतु बियाणे विकणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने हा तोटा आहे, कारण तिचे गिऱ्हाईक एकदाच येते. त्यातून खारजमिनीचे क्षेत्र मर्यादित, शेतकरी लहान, हाती पैसा कमी. शिवाय एक वाण तयार व्हायला साधारणतः आठ-दहा वर्षे लागतात आणि प्रयोग फसण्याची भीती सतत असते. अशा ठिकाणी नफ्याच्या हिशेबाने चालणारी कोणतीही कंपनी पाऊल टाकणार नाही. संकरित वाणांत कंपन्यांना रस असतो, कारण त्यांचे बी दर वर्षी नव्याने विकत घ्यावे लागते. तेथेही कर्जतच्या भात संशोधन केंद्राने ‘सह्याद्री’ हा संकरित भात सार्वजनिक पैशातूनच निर्माण केला. कर्जतचे हे केंद्र १९१९ पासूनचे आहे.

म्हणजे जे ज्ञान समाजाला सर्वाधिक उपयोगी, कारण ते मुक्तपणे पसरते, तेच ज्ञान बाजाराला सर्वात निरुपयोगी. झ्वी ग्रिलिचेस या अर्थशास्त्रज्ञाने १९५८ साली अमेरिकेतील संकरित मक्याच्या संशोधनाचा हिशेब केला. त्या संशोधनावर खर्च झालेल्या दर डॉलरमागे समाजाला वर्षाला सुमारे सात डॉलरचा लाभ होत होता. एवढा परतावा कोणत्या सावकाराने पाहिला असेल? पण हा लाभ कोट्यवधी शेतकऱ्यांत आणि ग्राहकांत वाटला गेला होता. तो एका तिजोरीत जमा होत नव्हता. जो लाभ सर्वांचा होतो त्याचा खर्च सर्वांनी मिळून केला पाहिजे. आणि सर्वांनी मिळून खर्च करण्याचे साधन म्हणजे शासन. समाजवाद्यांचा सार्वजनिक शिक्षणाचा व सार्वजनिक संशोधनाचा आग्रह केवळ दयाबुद्धीतून आलेला नाही. त्याला ज्ञानाच्या स्वरूपाचाच आधार आहे.

रसायनीचा धडा

तथापि शासनाने पैसा घातला आणि काम संपले, असे मानणे ही आत्मवंचना ठरेल. पनवेलच्या शेजारी, पाताळगंगेच्या काठी रसायनी येथे याचा धडा मिळतो.

१९६० साली हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली आणि १९७० च्या सुमारास रसायनीचा कारखाना उत्पादन देऊ लागला. रंग, औषधे, कीटकनाशके, रबर या उद्योगांना लागणारी मूलभूत सेंद्रिय रसायने देशात तयार व्हावीत, हा त्यामागील हेतू होता. नायट्रोबेंझीन, अॅनिलीन यांसारखे पदार्थ सामान्य माणसाच्या नजरेस पडत नाहीत. परंतु ते नसले तर कापड रंगत नाही आणि औषधाची गोळी बनत नाही. महाराष्ट्रातील अनेक लहानमोठ्या रासायनिक कारखान्यांना या मालाचा आधार मिळाला. सार्वजनिक क्षेत्र म्हणजे पांढरा हत्ती, असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास विसरू नये.

परंतु १९९१ नंतर आयातशुल्क उतरत गेले आणि परदेशी माल स्वस्त झाला. जुन्या तंत्राची, लहान क्षमतेची संयंत्रे त्यापुढे टिकेनात. तोटा साचत गेला आणि २०१७ च्या मे महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीतील उत्पादन बंद करून तेथील जमीन विकण्याचा निर्णय घेतला. शेकडो एकर जमीन भारत पेट्रोलियमला देण्याचे ठरले. कामगारांची घरे विस्कटली. येथेही अखेरीस मोल जमिनीलाच आले.

या निर्णयातून एक संयंत्र मात्र वगळण्यात आले. डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड हे रसायन तयार करणारे ते संयंत्र भारतीय अंतराळ संशोधन संस्थेकडे, म्हणजे इस्रोकडे, सोपवण्याचे ठरले. अग्निबाणाच्या ‘विकास’ या इंजिनात द्रव इंधन जाळण्यासाठी हे रसायन लागते आणि देशात ते रसायनीलाच तयार होत असे. त्यावाचून पीएसएलव्हीचा दुसरा टप्पा पेटत नाही. एवढ्या मोठ्या कारखान्यातून जे वाचले ते नेमके संशोधनाशी जोडलेले होते. बाजारात जे कोठूनही विकत मिळते ते बंद झाले. जे ज्ञानावाचून मिळत नाही ते राखावे लागले.

यातून दोन निष्कर्ष निघतात. मालकी सार्वजनिक असणे आवश्यक असेल, पण पुरेसे नाही. तंत्र एकदा आणले आणि वीस वर्षे तेच वापरले, तर सार्वजनिक कारखाना खासगी कारखान्याइतकाच मोडीत निघतो. यंत्राला जसे तेल तशी उद्योगाला संशोधनाची सततची जोड लागते. दुसरे असे की कामगाराची नोकरी टिकवण्याचा लढा केवळ फाटकावर लढता येत नाही. तो प्रयोगशाळेच्या अंदाजपत्रकातही लढावा लागतो. कामगार संघटनांनी बोनसच्या मागणीबरोबर, कारखान्यात संशोधनावर किती खर्च होतो हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली असती, तर कदाचित अनेक टाळेबंद्यांचा मार्ग बदलला असता.

आकडे काय सांगतात

देशाची स्थिती या बाबतीत काय आहे? केंद्र, राज्ये, विद्यापीठे आणि खासगी उद्योग यांचा सर्वांचा मिळून संशोधनावरील खर्च २०२०-२१ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. चीन अडीच टक्क्यांहून अधिक खर्च करतो. दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या आसपास खर्च करतो, आणि हा देश १९६० च्या सुमारास भारतासारखाच दरिद्री होता. तेथे युद्धानंतर जमिनीचे वाटप झाले, प्राथमिक शिक्षण सार्वत्रिक झाले आणि १९६६ साली शासनाने राष्ट्रीय विज्ञान-तंत्रज्ञान संस्था उभारली. मोठे उद्योग त्यानंतर आले.

यावर कोणी म्हणेल की आज कोरियात आणि चीनमध्ये संशोधनाचा बराचसा खर्च खासगी कंपन्या करतात. मग येथे शासनाकडे बोट का दाखवायचे? आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. परंतु तेथील कंपन्या आपसूक विद्याव्यासंगी झाल्या नाहीत. शासनाने आधी शाळा काढल्या, अभियंते तयार केले, संस्था उभारल्या आणि सवलतींच्या बदल्यात निर्यातीची लक्ष्ये गाठायला लावली. भारतात मात्र भांडवलाला नफ्याच्या सोप्या वाटा मोकळ्या राहिल्या. जमीन, ठेकेदारी, आयात आणि परदेशी तंत्राचा परवाना यांतून पैसा मिळत असेल तर दहा वर्षे प्रयोगशाळेत कोण घालवील? जेथे भूखंडाच्या फेरफारात वर्षात दुप्पट पैसा होतो, तेथे संशोधनाला भांडवल वळत नाही. पनवेलची जमीन आणि ०.६४ हा आकडा यांचे नाते असे जवळचे आहे.

२०२३ साली केंद्राने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांची घोषणा झाली. पण त्यातील सुमारे ३६,००० कोटी सरकारबाहेरून येतील अशी अपेक्षा धरली गेली. २०२५ साली खासगी क्षेत्रातील संशोधनासाठी दीर्घ मुदतीची, स्वस्त वा बिनव्याजी कर्जे देण्याकरिता १ लाख कोटींची योजना मंजूर झाली. कर्ज देण्यास हरकत नाही. परंतु सार्वजनिक पैशातून निर्माण होणाऱ्या ज्ञानाची मालकी कोणाची राहील, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आणि खाऱ्या मातीतील भातासाठी या योजनांतून कोणी कर्ज मागायला येणार नाही, हेही ओळखले पाहिजे.

पाया अरुंद ठेवून कळस चढत नाही

संशोधनाचा कळस शाळेच्या पायावर उभा राहतो. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत अशी शिफारस केली. १९६८, १९८६ आणि २०२० या तिन्ही शैक्षणिक धोरणांनी ते उद्दिष्ट उच्चारले. प्रत्यक्ष सार्वजनिक खर्च चार-साडेचार टक्क्यांच्या आसपास रेंगाळत राहिला.

महाराष्ट्राने १९८३ साली विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. महाविद्यालये वाढली, पदव्या वाढल्या. परंतु शिक्षण ही खरेदीची वस्तू झाली आणि संशोधन करणारे प्राध्यापक त्या प्रमाणात वाढले नाहीत. आज अनुदानित महाविद्यालयांतही कितीतरी अध्यापक तासिका तत्त्वावर राबतात. ज्याला पुढच्या सत्रात काम मिळेल की नाही हे ठाऊक नाही, त्याच्याकडून दहा वर्षांच्या संशोधनाची अपेक्षा कशी करायची? दुसऱ्या टोकाला, २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १,३०० शाळा बंद करून त्यांतील मुले जवळच्या शाळांत पाठवण्याचा निर्णय झाला. नकाशावर जवळ असलेली शाळा डोंगरातील वाडीवरच्या सहा वर्षांच्या मुलीला पावसाळ्यात जवळ नसते. पनवेल, खालापूर, कर्जतच्या वाड्यांतील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि त्यांच्या मुलांच्या शाळेत वर्षातील निम्म्याहून अधिक दिवस खंड पडतो. या मुलांत एखादा उत्तम वनस्पतिशास्त्रज्ञ नसेलच, असे कोणत्या आधारावर म्हणायचे? रानातील कंद, मासे, औषधी यांची जाण त्यांच्या घरातच आहे. जो देश आपल्या निम्म्या बुद्धीला शाळेच्या दाराशीच परत पाठवतो, तो उरलेल्या निम्म्या बुद्धीवर जगाशी स्पर्धा करू पाहतो.

“शिकून तरी काय उपयोग, नोकऱ्या कोठे आहेत?” हा प्रश्न गावोगाव कार्यकर्त्यांना ऐकावा लागतो. बंदरात, गोदामात, विमानतळावर कंत्राटी कामापलीकडे स्थानिक तरुणाच्या वाट्याला फारसे काही येत नाही, हे खरे आहे. पण त्याचा निष्कर्ष शिक्षण निरुपयोगी असा निघत नाही. शिक्षण वाढले आणि संशोधनाशी जोडलेला उत्पादक उद्योग वाढला नाही, तर पदवीधर पहारेकरी होतो. म्हणूनच या दोन्ही गुंतवणुकी एकत्र मागितल्या पाहिजेत. समाजवादी साथींनी १९६१ साली स्थापन केलेल्या युसुफ मेहेरअली सेंटरने पनवेल तालुक्यातील तारा येथे शाळा, दवाखाना आणि ग्रामोद्योग एकत्र आणले. डॉ. जी. जी. पारीख यांनी शंभराव्या वर्षापर्यंत त्या विचाराची पाठराखण केली. ज्ञान, आरोग्य आणि उत्पादन वेगळे काढता येत नाहीत, हे तेथे लहान प्रमाणावर का होईना करून दाखवले गेले. मोठ्या प्रमाणावर ते करण्याचे काम शासनाचे आहे.

साडेबारा टक्के आणि सहा टक्के

या भूमीला लढ्याचा इतिहास आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ या काळात शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप केला आणि कसणाऱ्याचा हक्क उभा केला. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्त रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ तारखेच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या रक्ताच्या बळावर पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळवण्याचा हक्क मान्य झाला. देशातील भूसंपादनाच्या इतिहासात हा मोठा विजय आहे.

परंतु भूखंड विकला जातो. त्यामुळे त्या विजयाचा उत्तरार्ध अजून लढायचा आहे. साडेबारा टक्क्यांच्या मागणीला सहा टक्क्यांच्या मागणीची जोड दिली पाहिजे. पहिली मागणी जे गेले त्याच्या मोबदल्याची होती. दुसरी जे निर्माण व्हायचे त्यातील वाट्याची आहे. कार्यकर्त्यांनी ती चार ठोस रूपांत गावोगाव न्यावी. शिक्षणावर सहा टक्के आणि संशोधनावर दोन टक्के सार्वजनिक खर्चाचा कालबद्ध कार्यक्रम. कृषी विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील रिक्त जागांवर कायम नेमणुका. वाडीवरील शाळा बंद करण्याऐवजी स्थलांतरित मुलांसाठी हंगामी वसतिगृहे. आणि या पट्ट्यातील बंदर, विमानतळ, औद्योगिक वसाहती यांच्या उत्पन्नातून स्थानिक मुलांच्या तांत्रिक शिक्षणाचा व येथील खाडी, माती, पाणी यांवरील संशोधनाचा स्वतंत्र निधी.

हा शेवटचा मुद्दा दूरचा नाही. पनवेलभोवतीची पुष्कळशी खारजमीन भूखंडांखाली आणि धावपट्टीखाली गेली. पण पेण, अलिबाग, उरणपासून पालघर आणि सिंधुदुर्गपर्यंत ती अजून आहे. समुद्राची पातळी वाढत आहे, उधाणाने बांधांना खांडी पडत आहेत आणि काल गोडे असलेले शेत आज खारे होत आहे. खाऱ्या मातीत तगणाऱ्या बियाण्याची गरज उद्या आजच्याहून अधिक भासेल. ते बियाणे बाजारात तयार मिळणार नाही. ज्या विद्यार्थ्याला ते शोधायचे आहे, तो आज कदाचित एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत असेल. त्याची शाळा उघडी राहील की नाही, एवढाच आजचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर देशाच्या पुढील पन्नास वर्षांचे उत्पन्न ठरवणार आहे.